यंत्राचा हेर

मुलांनो, राजा कितीही पराक्रमी असला आणि त्याचे सैन्य कितीही मोठे असले, तरी त्याच्या कानी येणारी वार्ता खरी नसेल, तर तो पराक्रम आणि ते सैन्य दोन्ही व्यर्थ होत. छत्रपती शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. १६६४ साली सुरतेवर स्वारी करण्यापूर्वी महाराजांनी त्या शहराची बारीकसारीक माहिती आधी मिळविली होती. कौटिल्याने तर आपल्या अर्थशास्त्रात असे सांगून ठेवले आहे की, एकट्या हेराच्या बोलण्यावर राजाने भिस्त ठेवू नये. तिघांचे वृत्त जुळले, म्हणजे मगच ते खरे मानावे.

राजाची ही गोष्ट यंत्रासही लागू पडते. आज अनेक घरांत, दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत वातानुकूलन यंत्र दिसते. आपण त्याला सुटसुटीतपणे ‘एसी’ म्हणतो. ते खोली थंड करते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु खोली पुरेशी थंड झाली हे त्याला कळते कसे? त्याला त्वचा नाही, घाम येत नाही, उकाड्याने त्याचा जीव कासावीस होत नाही. मग ‘आता पुरे’ किंवा ‘अजून थोडे’ हे ते ठरविते तरी कशाच्या आधारावर? या यंत्राच्या पोटात एक इवलासा हेर बसविलेला असतो. त्याचे नाव तापसंवेदक, म्हणजेच तापमानाचा सेन्सर. त्याने सांगावे आणि यंत्राने ऐकावे, असा तेथील नियम. हा हेर चुकला, तर काय अनर्थ होतो आणि ती चूक शोधून कशी काढावी, हे आज आपण पाहू.

प्रथम एक साधा प्रयोग करा. तीन वाडगी घ्या. एकात सोसवेल इतके कोमट पाणी, दुसऱ्यात गार पाणी आणि मधल्यात साधे पाणी ओता. एक हात कोमट पाण्यात व दुसरा गार पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा. नंतर दोन्ही हात एकदम मधल्या वाडग्यात घाला. एक हात म्हणेल, ‘पाणी गार आहे’. दुसरा म्हणेल, ‘छे, चांगले ऊन आहे!’ पाणी एकच, हातही तुमचेच. पण साक्ष मात्र निरनिराळी. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ग्रंथात हेच उदाहरण दिले होते. यावरून लक्षात येईल की, ऊन आणि गार यांचा निवाडा करण्यास आपले शरीर हे भरवशाचे साधन नव्हे. त्यासाठी मोजमाप हवे.

हे मोजमाप माणसाने हळूहळू साध्य केले. फॅरनहाइट याने १७१४ च्या सुमारास पाऱ्याचा तापमापक तयार केला. सेल्सियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७४२ साली बर्फ वितळण्याचा आणि पाणी उकळण्याचा बिंदू यांमध्ये शंभर भाग कल्पिले. आज आपण बर्फाचे तापमान ० अंश आणि उकळत्या पाण्याचे १०० अंश मानतो, ते त्याच पद्धतीला अनुसरून. परंतु पाऱ्याची नळी वाचण्यास डोळे लागतात, आणि यंत्राला डोळे नाहीत. यंत्राला समजते ती विजेची भाषा. तेव्हा तापमानाचे विजेच्या भाषेत भाषांतर करणारा कोणीतरी दुभाषा हवा होता.

तो दुभाषा सापडण्याची वाट मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८३३ साली दाखविली. तांब्यासारख्या धातूची तार तापली म्हणजे तिच्यातून वीज वाहण्यास अधिक अडथळा होतो. या अडथळ्यास ‘रोध’ म्हणतात आणि तो ‘ओहम’ या एककात मोजतात. परंतु चांदी व गंधक यांच्या एका संयुगाची परीक्षा करीत असता फॅरडेला उलटाच प्रकार आढळला. तो पदार्थ जसजसा तापे, तसतसा त्याचा रोध कमी होई. पुढे विसाव्या शतकात मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांसारख्या धातूंच्या भस्मांपासून, म्हणजे ऑक्साइडांपासून, याच गुणाचे छोटे मणी बनविण्यात आले. त्यांना ‘थर्मिस्टर’ असे नाव पडले. आपल्या एसीमधील हेर तो हाच. मुगाच्या दाण्याएवढा मणी, त्याला जोडलेल्या दोन बारीक तारा आणि वर संरक्षक लेप, इतकाच त्याचा संसार.

एका प्रचलित जातीच्या थर्मिस्टरचे वर्तन पाहा. २५ अंश तापमानास त्याचा रोध १०,००० ओहम असतो. बर्फात, म्हणजे ० अंशास, तो सुमारे ३३,००० ओहमपर्यंत चढतो. उलट ४० अंशास तो सुमारे ५,३०० ओहमपर्यंत उतरतो. थंडी वाढली की रोध वाढतो; उष्णता वाढली की रोध घटतो. यंत्रातील नियंत्रक हा रोध विजेच्या साहाय्याने क्षणोक्षणी अजमावीत असतो आणि त्यावरून खोलीचे तापमान ओळखतो. सगळ्या एसींत एकाच जातीचा थर्मिस्टर नसतो. कोणाचा रोध २५ अंशास ५,००० ओहम, तर कोणाचा १५,००० ओहम असतो. म्हणून त्या त्या यंत्राचे कोष्टक जवळ असल्यावाचून परीक्षा करू नये.

आता यंत्राची कामाची वाटणी ध्यानात घ्या. साध्या ‘स्प्लिट’ एसीचे दोन भाग असतात. एक खोलीत भिंतीवर, दुसरा घराबाहेर. आतील भागात पंखा आणि थंड नळ्यांची जाळी, म्हणजे कॉईल, असते. बाहेरील भागात कॉम्प्रेसर असतो. कॉम्प्रेसर हा या यंत्राचा खरा कष्टकरी. तो वायूला दाबून नळ्यांतून फिरवितो, आणि त्या फिरण्यातच खोलीतील उष्णता बाहेर नेऊन टाकली जाते. तुम्ही रिमोटवर २४ हा आकडा ठेवला, म्हणजे नियंत्रक हेराला विचारतो, ‘खोलीत किती अंश?’ हेराने ‘३४’ म्हटले की कॉम्प्रेसर चालू. हेराने ‘२४’ म्हटले की कॉम्प्रेसर बंद. इन्व्हर्टर जातीच्या एसीत कॉम्प्रेसर एकदम बंद न होता प्रथम मंद होतो. परंतु त्यालाही हुकूम मिळतो तो हेराच्या शब्दावरूनच.

हेर चुकला म्हणजे काय घडते, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. नागपूरच्या एका घरची गोष्ट आहे असे समजा. मे महिना आहे. विदर्भातील या दिवसांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. घरोघर कुलरला वाळ्याचे ताटे लावलेले असतात, तरी दुपारी भिंतींतून धग येते. या घरात आजोबा नुकतेच आजारातून उठले आहेत, आणि त्यांना उन्हाची बाधा होऊ देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. म्हणून त्यांच्या खोलीत एसी बसविला आहे. परंतु चार दिवसांपासून तो नीट चालेनासा झाला आहे. चालू केला की थोडा वेळ गार वारा येतो, मग नुसता पंखा फिरत राहतो. खोली ३४ अंशांच्या खाली उतरत नाही.

पहिल्या दिवशी एक कारागीर येऊन गेला. त्याने बाहेरच्या भागाकडे एकवार पाहिले आणि सांगितले, “कॉम्प्रेसर गेला. नवा घालावा लागेल.” नव्या कॉम्प्रेसरचा खर्च ऐकून बाबांचा चेहरा उतरला. आजोबांच्या औषधपाण्यात घरची शिल्लक आधीच संपत आली होती. आजोबा म्हणाले, “राहू दे रे. आमच्या लहानपणी कुठे होते हे एसी? ओला पंचा अंगावर टाकून झोपेन मी.” पण बाबांना ते पटेना. त्यांनी शेजाऱ्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या, वयाने वडील असलेल्या कारागिराला बोलाविले.

या घरात सातवीत शिकणारी एक मुलगी होती. कारागीरकाका आले तेव्हा ती कुतूहलाने जवळ येऊन उभी राहिली. काकांनी पिशवीतील हत्यारांना हातही लावला नाही. त्यांनी आधी विचारले, “हे केव्हापासून होते? रोज होते की अधूनमधून? त्याआधी कोणी यंत्र उघडले होते का?”

बाबा म्हणाले, “चार दिवसांपूर्वी जाळ्या धुवायला काढल्या होत्या. त्या दिवसापासूनच हे सुरू झाले.”

काकांनी मान हलविली. मग त्यांनी मुलीला विचारले, “बाळ, घड्याळ वाचता येते ना? मग कागद-पेन्सिल घे आणि बाहेरचे यंत्र केव्हा सुरू होते, केव्हा थांबते, ते लिहून ठेव.”

मुलीने लिहिले: चालू झाले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे, थांबले तेव्हा तीन वाजून चौदा मिनिटे, पुन्हा चालू झाले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटे, पुन्हा थांबले तेव्हा तीन वाजून चोवीस मिनिटे. चार मिनिटे काम आणि सहा मिनिटे विश्रांती!

यंत्र चालू असताना काकांनी गार वाऱ्याच्या तोंडाशी तापमापक धरला. तो २१ अंशांवर उतरला. खोलीच्या भिंतीवरचा तापमापक ३४ अंश दाखवीत होता. काका म्हणाले, “हे पाहा, खोलीतील हवा ३४ अंशांची आत जाते आणि २१ अंशांची होऊन बाहेर येते. चार मिनिटांत तेरा अंशांचा फरक! कॉम्प्रेसर मेलेला असता, किंवा नळ्यांतील वायू गळून गेला असता, तर इतका गारवा कोठून आला असता? कष्टकरी धडधाकट आहे. त्याला कोणीतरी मध्येच थांबवीत आहे.”

“पण काका, तो स्वतःच दमून थांबत नसेल कशावरून?” मुलीने शंका काढली.

“शंका रास्त आहे,” काका म्हणाले. “कॉम्प्रेसर फार तापला म्हणजे त्याच्या अंगचे संरक्षण त्याला बंद करते, हे खरे. तेव्हा तीही तपासून पाहू. आता २४ च्या ऐवजी १८ हा आकडा ठेवू. कॉम्प्रेसर दमून थांबत असेल, तर रिमोटवरच्या आकड्याचे त्याला काय? तो चारच मिनिटांनी थांबेल. पण हुकमावरून थांबत असेल, तर अधिक थंडीची वाट पाहून थोडा उशिरा थांबेल.”

आकडा बदलला. या खेपेस कॉम्प्रेसर सहा मिनिटे चालला. पुन्हा २४ ठेवले, तो चार मिनिटांत थांबला. परत १८ ठेवले, तो परत सहा मिनिटे चालला. एकदा घडले तर तो योगायोग असू शकतो, म्हणून काकांनी दोन्ही गोष्टी दोन दोन वेळा करून पाहिल्या. तात्पर्य हे निघाले की, कॉम्प्रेसर हुकमाचा ताबेदार होता. खोली ३४ अंशांवर असतानाच हेर नियंत्रकाला ‘झाली थंड, झाली थंड’ असे सांगत होता.

“म्हणजे सेन्सर बिघडला!” मुलगी आनंदाने उद्गारली. “मग नवा सेन्सर घालू या.”

काका हसले. “आत्ताच कॉम्प्रेसरला चौकशीवाचून दोषी ठरविले म्हणून आपण नाराज झालो, आणि आता सेन्सरला तसेच दोषी ठरवायचे? त्याची साक्ष घेऊ, मग बोलू.”

काकांनी प्रथम मुख्य कळ दाबून यंत्राची वीज पूर्णपणे तोडली. मग आतील भागाचे झाकण उघडून सेन्सरच्या दोन तारांचे टोक नियंत्रकातून अलगद सोडविले आणि सेन्सर बाहेर काढला. तो त्यांनी भिंतीवरच्या तापमापकाशेजारी लटकत ठेवला आणि थोडा वेळ जाऊ दिला. खोलीइतका ऊन होण्यास त्याला अवधी हवा होता. नंतर रोध मोजणारा मल्टिमीटर त्यांनी तारांना जोडला. आकडा आला ६,८०० ओहमच्या आसपास. त्यांनी खिशातून त्या यंत्राचे कोष्टक काढून मुलीसमोर धरले. ३४ अंशांसमोर जवळजवळ तोच आकडा होता.

“एक साक्ष खरी निघाली,” काका म्हणाले. “आता दुसरी घेऊ. तापमापकही चुकू शकतो. पण वितळणारा बर्फ चुकत नाही. घरात बर्फ आहे?”

आईने बर्फ आणला. काकांनी तो बारीक फोडून पेल्यात घातला, त्यात थोडे पाणी ओतून ढवळले, आणि तारांची टोके कोरडी राखून सेन्सरचा मणी त्यात बुडविला. मल्टिमीटरवरील आकडे भराभर चढू लागले. १०,०००… १८,०००… २७,०००… आणि शेवटी ३३,००० ओहमजवळ येऊन ते स्थिरावले. कोष्टकात ० अंशासमोर तेच लिहिलेले होते. मुलगी चकित झाली. सेन्सर तर सोळा आणे खरे बोलत होता! मग खोली थंड झाल्याचे त्याने सांगितले कसे?

काकांनी तिला स्टुलावर चढवून आतील भाग लांबूनच दाखविला. कॉईलच्या पुढे, आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर, सेन्सर धरून ठेवणारी एक लहानशी प्लॅस्टिकची पकड असते. ती तुटलेली होती. जाळ्या धुण्यासाठी काढताना तिला धक्का लागला असावा. पकड सुटल्यामुळे सेन्सर खाली लोंबकळला आणि थंडगार कॉईलला जाऊन टेकला. त्याला हवेचे तापमान विचारले जात होते. पण त्याच्या अंगाला लागत होती ती कॉईल. कॉईल गार झाली की तो प्रामाणिकपणे सांगे, ‘गार आहे’. नियंत्रक समजे, खोलीच गार झाली. कॉम्प्रेसर थांबे. थोड्या वेळाने कॉईल ऊन होई आणि पुन्हा तोच खेळ सुरू होई.

“हेर खोटारडा नव्हता,” मुलगी हळूच म्हणाली. “त्याची जागा चुकली होती.”

“अगदी बरोबर,” काका म्हणाले. त्यांनी नवी पकड बसविली, सेन्सर कॉईलपासून बोटभर अंतरावर हवेच्या वाटेत नीट धरला, झाकण लावले आणि वीज सुरू केली. पण ते लगेच निघाले नाहीत. “दुरुस्ती केली, एवढ्याने काम संपत नाही. दुरुस्ती झाली हे पाहिले पाहिजे,” असे म्हणून ते बसून राहिले. या खेपेस कॉम्प्रेसर चार मिनिटांनी थांबला नाही. खोलीचे तापमान ३४ वरून ३०, ३० वरून २७ असे उतरत गेले. २४ अंशांशी पोहोचल्यावर मगच कॉम्प्रेसर थांबला. तोवर आजोबांना शांत झोप लागली होती. कॉम्प्रेसरच्या किमतीपुढे त्या पकडीचा खर्च नगण्य होता.

मुलांनो, सेन्सर प्रत्येक वेळी असा निर्दोष ठरतो असे मात्र समजू नका. त्याच्या बिघाडाचे मुख्य प्रकार तीन. पहिला, तार तुटणे. तार तुटली की रोध अमर्याद होतो, आणि नियंत्रकाला वाटावे की खोलीत भयंकर थंडी पडली आहे. दुसरा, दोन तारा एकमेकींस चिकटणे. तसे झाले की रोध जवळजवळ शून्य होतो, आणि खोली भट्टीसारखी तापल्याचा भास होतो. आजची बहुतेक यंत्रे असल्या अशक्य बातम्यांवर विश्वास ठेवीत नाहीत. ती काम थांबवितात आणि दर्शनी पट्टीवर एखादे चिन्ह किंवा लुकलुकणारा दिवा दाखवून तक्रार करतात. त्या चिन्हाचा अर्थ यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. प्रत्येक कारखान्याची चिन्हे निराळी असल्यामुळे एका यंत्राचे ज्ञान दुसऱ्यास लावू नये.

तिसरा प्रकार अधिक फसवा. मण्याच्या लेपातून ओल आत शिरते, किंवा तारांच्या जोडावर गंज चढतो, आणि रोध थोडासाच बदलतो. खोली ३१ अंश असता सेन्सर २६ सांगू लागतो. ही बातमी अशक्य वाटत नाही, म्हणून यंत्र ती मुकाट्याने मान्य करते. कोणतेही चिन्ह उमटत नाही, कोणताही दिवा लुकलुकत नाही. उघड थापाड्यापेक्षा थोडेसेच खोटे बोलणारा अधिक घातक, हा जगाचा अनुभव येथेही खरा ठरतो. असा सेन्सर बर्फाच्या पेल्यात आणि खोलीच्या हवेत, दोन्हीकडे तपासला आणि त्याचे आकडे कोष्टकाशी जुळले नाहीत, तर मात्र तो बदलणेच इष्ट.

पुष्कळ यंत्रांत दुसराही एक सेन्सर असतो. तो कॉईलच्या नळीला मुद्दाम चिकटवून बसविलेला असतो. कॉईल गोठण्याइतकी थंड होऊ लागली की त्याने इशारा द्यावा, हे त्याचे काम. तो जागेवरून सुटला तर कॉईलवर बर्फाचा थर चढतो आणि वारा येईनासा होतो. एकाने नळीपासून दूर राहावयाचे आणि दुसऱ्याने नळीला बिलगून राहावयाचे, असा या दोन भावंडांचा धर्म आहे. काही रिमोटमध्येदेखील एक सेन्सर असतो. त्याची सोय चालू असेल आणि तुम्ही रिमोट उन्हाच्या कवडशात ठेवलात, तर यंत्र खोली उगाच अतिथंड करीत राहील.

आता एक महत्त्वाची सूचना. ही सारी परीक्षा जाणत्या कारागिराने करावयाची आहे. एसीचे झाकण तुम्ही कदापि उघडू नये. बाहेरच्या भागातील कपॅसिटर नावाचा घटक वीज बंद केल्यावरही काही काळ विजेचा साठा बाळगून असतो आणि जबर धक्का देऊ शकतो. तथापि तुम्हांला करता येण्यासारखे बरेच काही आहे. यंत्र केव्हा चालू होते व केव्हा थांबते हे घड्याळ लावून लिहावे. खोलीत तापमापक टांगून त्याचे आकडे टिपावेत. जाळीवर धूळ साचली असल्यास वडील माणसांना सांगावे. कारण धुळीने हवेची वाट अडली की निरोगी सेन्सरलाही खोलीची खरी खबर मिळत नाही. रिमोटवर कोणता आकडा आहे, हेही पाहावे. आपल्या देशात १ जानेवारी २०२० पासून नवे घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर ठेवून येऊ लागले, कारण विनाकारण अधिक थंडी म्हणजे विनाकारण अधिक वीज. तुम्ही टिपलेला असा एक कागद कारागिराच्या हाती दिलात, तर त्याचे निम्मे काम तुम्हीच केले असे होईल.

बिघाड शोधण्याची ही रीत एसीपुरतीच आहे असे नाही. सायकल अडखळली, दिवा लागेना, विहिरीवरचा पंप पाणी ओढीना, तरी रीत हीच. आधी विचारावे, मग पाहावे, पाहिलेले लिहून ठेवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एका साक्षीवर निकाल देऊ नये. ज्याचा आपणांस पक्का भरवसा आहे अशा गोष्टीशी ताडून पाहावे. आणि दुरुस्तीनंतर दोष खरोखरच गेला की नाही, याची खात्री करून घ्यावी. वैद्य रोग्याची परीक्षा करतो ती याच वाटेने आणि न्यायाधीश खटला चालवितो तोही याच वाटेने.

माणसांच्या बाबतीत तर ही सावधगिरी अधिकच हवी. वर्गात एखादी वस्तू हरवली, एखादा खेळ बिघडला, की ज्याच्याकडे बोट दाखविणे सोपे, त्याच्याकडे आपण चटकन बोट दाखवितो. कोणी कानात काही सांगितले की ते खरे मानून चालतो. सांगणारा खोटा नसतोही. पण तो कोठे उभा राहून पाहत होता, त्याला किती दिसले, हे आपण विचारीत नाही. कॉईलला टेकलेल्या सेन्सरने जे सांगितले, ते त्याच्या जागेवरून खरेच होते. तरीही त्यामुळे एका आजारी म्हाताऱ्याची खोली चार दिवस तापत राहिली आणि निरपराध कॉम्प्रेसर भंगारात जाता जाता वाचला. म्हणून कोणतीही वार्ता कानी आली की ती कोणी सांगितली, कोठून पाहून सांगितली, आणि दुसऱ्या कशाशी ती जुळते काय, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. निर्णय करण्यास त्यामुळे थोडा वेळ लागेल. परंतु तो निर्णय मागाहून बदलण्याची पाळी क्वचितच येईल.